हाका आणि साद

मराठीत शिकारीविषयी जे लिहिले गेले, त्यात शस्त्रांना मानाचे पान आहे. तिरकमठा, भाला, ठासणीची बंदूक आणि शेवटी काडतुसांची रायफल अशा क्रमाने शिकारीचा इतिहास सांगण्याची आपल्याला सवय झाली आहे. या क्रमात एक साधन हटकून राहून जाते. त्याला धातू लागत नाही, दारूगोळा लागत नाही, परवाना लागत नाही. ते साधन म्हणजे माणसाचा कंठ. जनावराचा आवाज काढून जनावराला आपल्यापर्यंत आणण्याची विद्या जगभर आढळते; तिचा इतिहास मात्र क्वचितच लिहिला जातो. साहित्याच्या अभ्यासकांनी तिच्याकडे का पाहावे, याचे उत्तर आम्हाला तिच्या स्वरूपातच दिसते. ही विद्या म्हणजे अनुकृती आहे. ऐकणाऱ्याच्या मनात हवा तो अर्थ उत्पन्न करण्याची कला आहे. आणि त्याच वेळी ते धडधडीत खोटे बोलणेही आहे. साहित्यशास्त्राला या तिन्ही गोष्टी अपरिचित नाहीत.

शिकारीत आवाजाचा उपयोग दोन परस्परविरुद्ध रीतींनी होतो. पहिली रीत हाक्याची. पाचपन्नास माणसे रानाला वेढा घालतात, ढोल-डबे बडवीत, आरोळ्या ठोकीत पुढे सरकतात, आणि उठलेले जनावर मचाणावर बसलेल्या बंदुकीच्या दिशेने पळते. हाका करणारा एक, मारणारा दुसरा. दुसऱ्या रीतीला आम्ही येथे ‘साद’ म्हणतो. तीत एकटा माणूस आडोशाला बसतो आणि तोंडाशी हात धरून, ओठांत पान धरून किंवा नुसत्या गळ्यातून असा आवाज काढतो, की जनावर आपल्या पायांनी त्याच्याकडे चालत यावे. हाक्याला माणसांवर सत्ता लागते. सादेला जनावराची ओळख लागते. आमचे म्हणणे थोडक्यात असे, की आपल्या इतिहासाने हाका नोंदवला आणि साद विसरली. आणि या विसरण्यात शिकारीपुरतीच नव्हे, तर भाषेचीही हानी झाली.

हे म्हणणे तपासण्यासाठी कर्जत आणि खालापूर या रायगड जिल्ह्याच्या दोन घाटपायथ्याच्या तालुक्यांइतका योग्य प्रदेश क्वचितच सापडेल. एका अंगाला राजमाची, ढाक आणि कोथळीगड, दुसऱ्या अंगाला माथेरान, प्रबळ आणि इर्शाळ, आणि मधल्या खोऱ्यांतून वाहणाऱ्या उल्हास व पाताळगंगा या नद्या. खाली भातखाचरे, वर साग-ऐनाचे रान, आणि दोहोंच्या सीमेवर ठाकरवाड्या व कातकरीवाड्या. समुद्रकाठच्या कोकणापेक्षा हा मुलूख वेगळा आहे. येथे वस्ती आणि रान यांच्यामध्ये रुंद अंतर नाही. एक बांध ओलांडला की दुसरे सुरू होते.

या सीमेचे स्वतःचे जनावर म्हणजे कोल्हा. तो दाट रानाचा नव्हे आणि गावाचाही नव्हे. खाचरातले खेकडे, उंदीर, पडलेली फळे, मेलेले ढोर, मळ्यातली काकडी यांपैकी काहीच त्याला वर्ज्य नाही. ‘कोल्हा काकडीला राजी’ ही म्हण लोकांनी त्याची आहारसूची पाहूनच केली आहे. त्याच्या आवाजाशी मात्र मराठी भाषेने फारसा न्याय केलेला नाही. ‘कोल्हेकुई’ म्हणजे आपल्या लेखी क्षुद्रांची निरर्थक ओरड. रात्री भालू ओरडली की अशुभ, एवढाच दुसरा अर्थ. वस्तुतः दिवस मावळल्यावर आणि पहाटेपूर्वी उठणाऱ्या त्या कुईत बरेच काही सांगितलेले असते. नर-मादीची जोडी आपली हद्द सांगते, पांगलेले कुटुंब परस्परांचा ठाव घेते, आणि शेजारच्या हद्दीतला गट तिला उत्तर देतो. ज्याला हे कळते, त्याला कोल्हा कोठे आहे हे पाहावे लागत नाही. तो आपल्या गळ्यातून कुई काढतो आणि उत्तराची वाट पाहतो.

हे ज्ञान किती जुने आहे याचा पुरावा आपल्याच वाङ्मयात आहे. पंचतंत्राच्या ‘मित्रभेद’ तंत्रातली निळ्या कोल्ह्याची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. चंडरव नावाचा कोल्हा निळीच्या पिंपात पडतो, त्या अपूर्व रंगामुळे रानाचा राजा होतो, आणि आपले बिंग फुटू नये म्हणून जातभाईंना हाकलून देतो. पुढे एका रात्री दूरवर कोल्ह्यांची कुई उठते. ती ऐकून त्याच्या अंगावर रोमांच उभे राहतात आणि तोही तोंड वर करून ओरडू लागतो. तेथेच त्याचा अंत होतो. शाळेत या गोष्टीचे तात्पर्य ढोंग उघडे पडण्याविषयी सांगितले जाते. आम्हाला त्यात त्याहून मूलगामी असे निरीक्षण दिसते. जातीच्या सादेला उत्तर दिल्यावाचून कोल्ह्याला राहवत नाही, हे कथाकाराला ठाऊक होते. एवढेच नव्हे, तर त्याने पात्राचे नावही आवाजावरून ठेवले. ‘चंडरव’ म्हणजे ज्याचा आवाज प्रखर आहे तो. रंग बदलला तरी ‘रव’ बदलत नाही.

सादेचे आणखी दोन प्रकार भागवताच्या अकराव्या स्कंधात भेटतात, आणि मराठी वाचकाला ते एकनाथांमुळे घरचे झाले आहेत. इसवी सन १५७३ मध्ये काशीत पूर्ण झालेल्या एकनाथी भागवतात अवधूताच्या चोवीस गुरूंचे आख्यान सातव्या अध्यायापासून येते. सातव्या अध्यायातला शेवटचा गुरू कपोत. पारध्याच्या जाळ्यात पिले सापडतात. त्यांचा आक्रोश ऐकून कपोती झेप घालते आणि अडकते. तिच्यामागे कपोतही जातो. आठव्या अध्यायात हरीण येते. पारध्याच्या गीताला भुलून ते जागीच उभे राहते आणि मारले जाते. भागवतकार तेथे मृगीच्या पोटी जन्मलेल्या ऋष्यशृंगाचाही दाखला देतात. कुरंग, मातंग, पतंग, भृंग आणि मीन हे पाच जीव एकेका इंद्रियामुळे नाश पावतात, हा दृष्टांत ‘विवेकचूडामणी’तही आहे, त्यात हरणाच्या वाट्याला कान आला आहे.

या कथांतले अध्यात्म क्षणभर बाजूला ठेवले, तर सादेचे पूर्ण वर्गीकरणच हाती येते. हरणाला कुतूहल ओढते, कपोतीला पिलांचा आक्रोश ओढतो, आणि चंडरवाला नात्याची हाक ओढते. आजही जगात जेथे जेथे जनावराला आवाजाने बोलावले जाते, तेथे याच वाटा वापरल्या जातात; भक्षक प्राण्यांच्या बाबतीत भुकेची एक वाट वाढते, एवढेच. अमेरिकेतला कोयोटी हा आपल्या कोल्ह्याचा भाऊबंद. त्याला बोलावणारे लोक जखमी सशाची किंकाळी शिट्टीतून काढतात, कधी पिलांचे केकाटणे, तर कधी त्याचीच कुई. विसाव्या शतकाच्या मध्यास टेक्सासमधील बर्नहॅम बंधूंनी अशा शिट्ट्या टपालाने विकण्याचा व्यवसाय केला, आणि वाडवडिलांच्या कंठातून कंठात गेलेली विद्या बाजारातली वस्तू झाली. नवशिक्यांसाठी तेथे पुस्तिका निघतात, स्पर्धा भरतात. पुस्तिकांतले पहिले धडे वाचले, तर एकनाथांचा पारधी त्यांना काही नवे समजला नसता.

रामायणातील मारीचाचा प्रसंग या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. सुवर्णमृग हे डोळ्यांसाठी ठेवलेले आमिष आहे हे सर्वांच्या लक्षात येते. परंतु खरा डाव मृगाच्या मरणानंतर खेळला जातो. मारीच रामाच्या आवाजात आर्त हाक मारतो, आणि त्या हाकेने लक्ष्मण पर्णकुटीपासून दूर होतो. शिकारी ज्या युक्तीने जनावराला बोलावतो, तीच युक्ती येथे जनावराच्या रूपातील राक्षसाने शिकाऱ्यावर उलटवली आहे. हाकेतले सत्य तपासून मग मदतीला जावे, असे म्हणणारा लक्ष्मण आणि तत्क्षणी जावे म्हणणारी सीता यांचा वाद हा खरे तर आवाजाच्या प्रामाण्याविषयीचा वाद आहे. सीतेने हाकेवर विश्वास ठेवला म्हणून आपण तिला दोष देत नाही. आपल्या माणसाची आर्त हाक ऐकून जो जागचा हलत नाही, त्याच्याविषयी आपल्याला काय वाटेल? सादेचे सगळे बळ या प्रश्नात आहे. ती जनावराच्या मूर्खपणावर चालत नाही, त्याच्या चांगुलपणावर चालते. आणि म्हणूनच ती अस्वस्थ करणारी विद्या आहे.

साद हा जसा वाङ्मयाचा विषय आहे, तसाच तो हाताचा आणि कानाचा व्यवसायही आहे, हे विसरून चालणार नाही. महाराष्ट्रात या व्यवसायाचे नाव घेताच पारधी समाज आठवतो. देशावरचे फासेपारधी तितर आणि लावे यांचे आवाज हुबेहूब काढीत, पिंजऱ्यातला शिकवलेला तितर पुढे ठेवून रानातल्या तितराला फाशाकडे आणीत, याची वर्णने इंग्रजी अमदानीतल्या नोंदींतही आहेत. ‘पारध’ हा शब्दच ‘पापर्धि’ या संस्कृत शब्दापासून आल्याचे व्युत्पत्तिकार सांगतात. म्हणजे पापाची वृद्धी. धंद्याचे नावच निंदेने भरलेले असल्यावर त्या धंद्यातील विद्येची नोंद आदराने होईल, ही अपेक्षा कशी करावी?

या विद्येचे प्राथमिक पाठ सर्वत्र सारखेच आहेत. पहिला पाठ वाऱ्याचा. वारा आपल्या अंगावरून जनावराकडे वाहत असेल, तर तोंड उघडूच नये. कोल्ह्याचे नाक कानाहून सरस. तो सादेकडे सरळ येत नाही, वळसा घालून वाऱ्याच्या खालच्या अंगाने येतो आणि आधी वास घेतो. दुसरा पाठ बैठकीचा. पाठीशी झाड किंवा खडक असावा, म्हणजे माणसाची आकृती आकाशावर उठून दिसत नाही. पुढचे रान मात्र मोकळे असावे. तिसरा पाठ वेळेचा: उजाडताना आणि मावळताना, जेव्हा जनावर आपणहून फिरते. चौथा पाठ आवाजाच्या मात्रेचा. आरंभ हळू करावा, कारण जनावर हाकेच्या अंतरावरच असण्याचा संभव असतो. एकदम मोठ्याने ओरडले तर ते उठून जाते. पाचवा पाठ सर्वांत कठीण, आणि तो मौनाचा आहे. थोडा वेळ साद घालावी आणि बराच वेळ गप्प बसावे. नवशिका येथेच फसतो. उत्तर येत नाही म्हणून तो पुन्हा पुन्हा ओरडतो, आणि खरा जखमी ससा एवढा वेळ ओरडत नसतो हे जनावराला ठाऊक असते.

काव्यशास्त्र शिकवणाऱ्यांना हे पाठ परके वाटू नयेत. श्रोता कोण आणि तो कोठे बसला आहे याचा विचार, आवाजाचे औचित्य, थोडक्यात सुचवून थांबणे, उरलेले काम ऐकणाऱ्याच्या मनावर सोपवणे, हे सगळे आपण ध्वनी आणि औचित्य यांच्या चर्चेत शिकवतोच. फरक एवढाच, की येथे श्रोता माणूस नाही आणि चुकीची समीक्षा तत्काळ होते: जनावर येत नाही.

आता हाक्याकडे वळू. त्याची परंपरा दरबारी आहे. शाकुंतलाच्या दुसऱ्या अंकात विदूषक कुरकुरतो, की पहाटेच रानाला वेढा घालणाऱ्यांच्या कोलाहलाने आपली झोप मोडली. संस्कृत रंगभूमीवर ऐकू येणारा हा हाकाच होय. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘मानसोल्लास’ सिद्ध केला. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओव्या गातात, या उल्लेखासाठी मराठीचे अभ्यासक तो ग्रंथ नेहमी उद्धृत करतात. त्याच ग्रंथात मृगयेचे अनेक प्रकार राजाचा विनोद म्हणून वर्णिलेले आहेत. राजाच्या मृगयेत कष्ट सेवकांचे आणि कौशल्याचे श्रेय राजाचे, ही वाटणी पुढेही टिकली. रायगड जिल्ह्यातच मुरूडजवळचे फणसाड हे जंजिऱ्याच्या नबाबाचे राखीव शिकारीचे रान होते. १९८६ मध्ये त्याचे अभयारण्य झाले.

कर्जत-खालापुराकडे बंदूक आली ती मुख्यतः मुंबईहून. मे १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट हा आजच्या खालापूर तालुक्यातील चौक गावातून माथेरानच्या डोंगरावर चढला, आणि साहेबांच्या हवापालटाची सोय झाली. १८५६ मध्ये आगगाडी खोपोलीपर्यंत पोचली, १८६३ मध्ये बोरघाट ओलांडून गेली. शहरातील हौशी माणसाला घाटाचा पायथा आता एका दिवसाच्या अंतरावर आला. अशा पाहुण्याला रान दाखवणारा, माग काढणारा, हाका लावणारा माणूस स्थानिकच लागे. इंग्रजी शिकारग्रंथांत या माणसाला ‘शिकारी’ म्हणत. आपला शब्द त्यांनी उचलला, आणि त्या शब्दाने ओळखला जाणारा मनुष्य ग्रंथात बहुधा नावावाचून राहिला.

याच काळात दोन कायदे झाले आणि दोन्हींचे साल एक आहे: १८७८. हत्यारांच्या कायद्याने बंदूक परवान्याखाली आली. वनकायद्याने राखीव रानात नियम मोडून शिकार करणे, मासे मारणे, पाण्यात विष कालवणे, सापळे वा फासे लावणे हे गुन्हे ठरवले. कातकरी हे नाव ज्या धंद्यावरून पडले तो धंदा म्हणजे खैराचा कात काढणे. रान राखीव झाल्यावर तोही आटला, आणि हे लोक कोळशाच्या भट्ट्यांवर, नंतर वीटभट्ट्यांवर गेले. रानातला वावर असा हळूहळू अपराधात मोडू लागला. २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला, त्यातील हुतात्म्यांत नाग्या महादू कातकरी याचे नाव आहे. रान कोणाचे हा प्रश्न किती टोकाला गेला होता, हे त्यावरून समजते.

वरच्या यादीत फासा आहे, सापळा आहे, बंदूक आहे. साद नाही. ती असण्याचे कारणही नव्हते, कारण सादेचा पंचनामा होत नाही. जप्त करण्यासारखे तीत काही नसते. अभिलेखागार ज्या वस्तूंवर उभे राहते त्या वस्तू म्हणजे परवाने, खटले, बक्षिसे, कातडी आणि शिंगे. कंठातला आवाज यांपैकी कशातच उतरत नाही. जेम्स कॅम्बेल यांच्या संपादनाखाली १८८२ मध्ये निघालेला ठाणे जिल्ह्याचा गॅझेटियर पाहावा. कर्जत तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. कातकरी कोण, त्यांच्या पोटजाती कोणत्या, ते काय खातात, काय पितात, काय पुजतात, यांची दखल त्यात तपशिलाने घेतलेली आहे. ए. एन. वेलिंग यांचे कातकऱ्यांवरचे पुस्तक १९३४ चे, ल. ना. चापेकर यांचे सह्याद्रीतील ठाकरांवरचे १९६० चे. या अभ्यासांचे ऋण मान्य करूनही म्हणावे लागते, की लिखित मानवशास्त्राचे कान डोळ्यांच्या मानाने मंद होते.

ग्रियर्सनच्या भाषासर्वेक्षणाचे उदाहरण याहून बोलके आहे. मराठीला वाहिलेला त्याचा सातवा खंड १९०५ मध्ये आला. त्यात कोकणातल्या बोलींमध्ये कातकरी आणि ठाकरी यांना स्थान मिळाले. नमुना म्हणून या सर्वेक्षणात सर्वत्र बायबलातील उधळ्या मुलाची गोष्ट भाषांतरित करून घेतली जाई. तुलनेसाठी ते सोयीचे होते हे खरे. परंतु रानात राहणाऱ्या माणसाच्या बोलीची नोंद त्याच्या रानाला वगळून झाली. शब्द नोंदले गेले. ज्या आवाजांनी तो माणूस पाखरांशी आणि जनावरांशी व्यवहार करीत होता, ते आवाज भाषेच्या हद्दीबाहेर राहिले.

सादेची सविस्तर नोंद क्वचित होते, आणि ती तेव्हाच होते जेव्हा साद घालणारा स्वतः लेखक असतो. जिम कॉर्बेटने नोव्हेंबर १९३८ मध्ये कुमाऊंतील ठाक गावची नरभक्षक वाघीण मारली, ती नर वाघाचा आवाज काढून. ती मिलनासाठी जोडीदार शोधीत होती. तो उत्तर देत गेला, ती जवळ येत गेली, आणि अंधार पडता पडता समोर आली. १९४४ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पुस्तकात हा प्रसंग आहे. कॉर्बेटने कुमाऊंतल्या रानात लहानपणापासून कान तयार केला होता. तसा कान असलेली आणि तरीही कागदावर कधी न आलेली माणसे सह्याद्रीच्या पायथ्याशी नव्हती असे कोण म्हणेल? फरक प्रतिभेचा नसून लेखणीच्या मालकीचा आहे.

मराठी साहित्याने या मुलखाकडे पाहिले ते उशिरा, पण प्रेमाने. गो. नी. दांडेकरांच्या ‘जैत रे जैत’ने कर्नाळ्याच्या परिसरातील ठाकरांचे जग मराठीत आणले, आणि १९७७ च्या चित्रपटाने त्यांचा ढोल घराघरांत पोचवला. कर्नाळा हे खालापूरच्या शेजारच्या पनवेल तालुक्यातले. ठाकर मात्र दोहोंकडचे एकच. ढोल मराठी मध्यमवर्गाच्या कानाला लगेच भावला, कारण तो समूहाचा आवाज आहे, उत्सवाचा आहे. एकट्या माणसाचा रानातला दबका आवाज कवितेत किंवा गाण्यात मावणे कठीण. व्यंकटेश माडगूळकरांनी तरुणपणी बंदूक हाती घेतली होती. पुढे ती ठेवून ते निरीक्षणाकडे वळले, आणि १९८२ च्या ‘सत्तांतर’मध्ये वानरांच्या टोळ्यांचे आवाज व हालचाली कथेच्या केंद्रस्थानी आल्या. मारुती चितमपल्ली यांनी वनखात्यातील नोकरीच्या काळात आदिवासींकडून पशुपक्ष्यांची नावे आणि शब्द गोळा केले. त्यांचा ‘पक्षिकोश’ २००२ मध्ये आला. २०२५ च्या जूनमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या कामाचे महत्त्व आम्हाला असे वाटते, की त्यांनी रानातल्या माणसाला माहिती देणारा न मानता शब्दांचा धनी मानले.

येथे एक आक्षेप संभवतो. शिकार हा आज गुन्हा आहे. मग तिच्या एका विद्येचा कैवार का घ्यावा? मुंबई राज्याने १९५१ मध्ये वन्य पशुपक्ष्यांच्या रक्षणाचा कायदा केला, १९७२ मध्ये केंद्राचा वन्यजीव संरक्षण कायदा आला, आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची हौसही संपली. हे योग्यच झाले. या कायद्यातील शिकारीच्या व्याख्येत मारणे, पकडणे, फासे लावणे यांच्याबरोबर जनावर हाकणे आणि आमिष दाखवणेही येते, आणि त्यासाठी केलेला प्रत्येक प्रयत्नही. हाक्याचे आणि आमिषाचे नाव तेथे आहे. सादेला स्वतंत्र नाव नाही, ती ‘प्रयत्न’ या शब्दाच्या पोटात मावते. पक्ष्यांचे ध्वनिमुद्रित आवाज भ्रमणध्वनीवरून वाजवून त्यांना छायाचित्रासाठी जवळ बोलावण्याची हौसही निर्दोष नाही. विणीच्या दिवसांत नर खोट्या प्रतिस्पर्ध्याशी झुंजण्यात शक्ती घालवतो, घरटे उघडे पडते. बंदूक गेली तरी खोटी साद पीडा देऊ शकते, हे एकनाथांच्या कपोतकथेने केव्हाच सांगून ठेवले आहे.

परंतु विद्या आणि तिचा एक उपयोग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. युरोपात प्राणिशास्त्रज्ञ संध्याकाळी कोल्ह्याची ध्वनिमुद्रित कुई ध्वनिवर्धकातून ऐकवतात आणि येणाऱ्या उत्तरांवरून त्या परिसरात कोल्ह्यांची किती कुटुंबे आहेत याचा अंदाज बांधतात. चंडरवाला जी खोड भोवली, तीच येथे त्याच्या वंशजांची शिरगणती करण्यास उपयोगी पडते. मुंबईत १८८३ मध्ये स्थापन झालेल्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या आरंभीच्या मंडळींतही शिकारी होतेच. शिकाऱ्याचा कान निसर्गअभ्यासकाच्या कामी येऊ शकतो, हे तिचा इतिहास सांगतो. कर्जतच्या साहेबाला पर्यवेक्षक होता आले. त्याच्या पुढे चालणाऱ्या कातकऱ्याला मात्र आपण फक्त गुन्हेगार, मजूर किंवा लाभार्थी एवढ्याच नावांनी ओळखत आलो. केंद्राच्या यादीत कातकरी हे महाराष्ट्रातील तीन विशेष असुरक्षित आदिवासी समूहांपैकी एक आहेत. वर्षातले सहा-सात महिने वीटभट्टीवर कुटुंबासह राहणाऱ्या मुलाला रानाचा आवाज ऐकायला मिळत नाही, आणि आजोबांच्या कंठातला आवाज नातवाच्या कंठात उतरण्याची जागा उरत नाही. एकीकडे फार्महाऊसांच्या भिंती वाढतात, दुसरीकडे कोल्ह्याची कुईही कमी ऐकू येऊ लागते. साद घालणारा आणि उत्तर देणारा, दोघांचीही जागा एकाच वेळी आक्रसते आहे.

म्हणून आमची सूचना साहित्याच्या आणि भाषेच्या विभागांना आहे, वनखात्याला नाही. लोकगीते, उखाणे, म्हणी यांचे संकलन आपण मौखिक परंपरेच्या नावाने करतो. त्या संकलनात अर्थ असलेले, पण शब्द नसलेले आवाज आजवर घेतले गेले नाहीत. गुराख्याची गुरांना हाक, कोंबड्यांना बोलावण्याचा आवाज, पाखरे हाकलण्याची आरोळी, एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावरच्या माणसाला घातलेला कुकारा, आणि रानातल्या जीवांचे अनुकरण, ही सगळी मराठी मुलखाची वाणी आहे. तिला व्याकरण आहे, प्रदेशभेद आहेत, आणि शिकण्याची वये आहेत. खिशात ध्वनिमुद्रणाचे साधन असलेली विद्यार्थ्यांची पिढी पहिल्यांदाच आपल्या वर्गांत आहे. कर्जत, खोपोली, खालापूर येथून वर्गात येणाऱ्या मुलांपैकी काहींच्या घरी हे आवाज आजही कोणाला येत असतात. त्यांनी ते टिपताना एक पथ्य पाळावे: आवाज देणाऱ्याचे नाव, त्याची संमती असल्यास, आवाजाबरोबर लिहून ठेवावे. इंग्रजी ग्रंथांतला ‘शिकारी’ नावावाचून राहिला, ती चूक पुन्हा करण्याचे कारण नाही.

हाक्याला इतिहास मिळाला, कारण त्याच्या मागे राजा होता, नबाब होता, कलेक्टर होता. सादेच्या मागे एक माणूस होता आणि त्याच्या पुढे एक जनावर. त्या दोघांमध्ये जे घडत होते ते क्रूर होते, हे आम्ही नाकारत नाही. पण त्या क्रूरतेसाठीसुद्धा आधी दुसऱ्याचे बोलणे लक्ष देऊन ऐकावे लागत होते. आपल्या काळाने ती क्रूरता कायद्याने सोडली, हे चांगले केले. ऐकणे सोडण्याची मात्र काही गरज नव्हती.